बाकावरची दुसरी खुर्ची

30 मार्च 1991, इंडियानापोलिस. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा संघ मागे पडलेला, घड्याळात 35 सेकंद शिल्लक. डीन स्मिथ बदली खेळाडूला मैदानाच्या कडेला घेऊन येतात आणि पंचांना विचारतात, बदलीसाठी माझ्याकडे किती वेळ आहे? पंच टेक्निकल फाउल देतात. स्मिथना सामन्यातला हा दुसरा, म्हणजे थेट हकालपट्टी. तीस वर्षं त्याच विद्यापीठाचा कोच असलेला माणूस कोट सावरतो, कॅन्सस विद्यापीठाच्या बाकाशी जाऊन हस्तांदोलन करतो आणि बोगद्यात दिसेनासा होतो.

उरलेले 35 सेकंद संघ कुणाच्या हाती राहिला, हे आज फार थोड्यांना सांगता येईल. त्यांचं नाव बिल गथ्रिज. तोवर ते चोवीस वर्षं स्मिथ यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसत आले होते. कॅरोलायना 79-73 ने हरली आणि हार स्मिथ यांच्या खात्यावर लागली. असिस्टंट कोचला खातंच नसतं.

त्या दिवशी दुसऱ्या बाकावर कॅन्ससचे कोच म्हणून रॉय विल्यम्स बसले होते. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तेही स्मिथ यांचेच असिस्टंट. स्मिथ स्वतः कॅन्सस विद्यापीठात शिकलेले, तिथे फॉग अॅलन यांच्या हाताखाली खेळलेले. अॅलन यांचे कोच जेम्स नेस्मिथ, म्हणजे 1891 च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएत पीचच्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकून हा खेळ शोधणारा माणूस. अमेरिकन पत्रकार अशा साखळीला झाड म्हणतात. आपल्याकडे यासाठी अधिक नेमका शब्द आहे: घराणं. यात रक्ताचं नातं लागत नाही. शेजारी बसून ऐकलेलं, पाहिलेलं आणि पुष्कळदा निमूट सोसलेलं, एवढ्यावर घराणं चालतं.

घराण्याची उपमा पुढे नेली, तर असिस्टंट म्हणजे मैफलीत बुवांच्या मागे तानपुरा घेऊन बसलेला शिष्य. बुवांचा श्वास तुटला की तो सूर धरून ठेवतो, पण तान घ्यायची ती बुवांनी मान हलवल्यावरच. श्रोते बुवांना दाद देतात आणि कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नाव बारीक टाइपात असतं. उपमा इथवर चालते. पुढे मात्र ती मोडते, कारण तानपुऱ्यावरच्या शिष्याला गावोगाव हिंडून पुढच्या मैफलीसाठी तबलजी शोधून आणावा लागत नाही.

आपल्या शाळा-कॉलेजांत एकच क्रीडाशिक्षक सकाळी खो-खो, दुपारी कबड्डी आणि संध्याकाळी सिमेंटच्या कोर्टावर बास्केटबॉल घेतो. सामन्याच्या दिवशी पाण्याच्या बाटल्याही तोच भरतो. त्यामुळे एका संघाला तीन-चार कोच लागतात ही कल्पनाच आपल्याला चैनीची वाटते. अमेरिकेत पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक विद्यापीठं आहेत. वर्षानुवर्षं प्रत्येकाकडे एक हेड कोच आणि तीन पूर्ण वेळ असिस्टंट अशी रचना होती. 2023 पासून आणखी दोघांना परवानगी मिळाली. त्याखाली व्हिडिओ सांभाळणारे, प्रवास आणि हॉटेलं बघणारे, आणि पदव्युत्तर शिक्षण घेता घेता चेंडू उचलणारे ग्रॅज्युएट असिस्टंट. बहुतेकांची कारकीर्द या तळमजल्यावर सुरू होते.

तळमजल्यावरची कमाई कशी असते, ते रॉय विल्यम्स यांच्याकडे पाहून कळतं. 1978 मध्ये ते एका शाळेतली हेड कोचची नोकरी सोडून, बायको आणि लहान मुलासह नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गावी, चॅपल हिलला आले. अर्धवेळ असिस्टंट म्हणून वर्षाचा पगार 2,700 डॉलर. घर चालवायला ते संघाची कॅलेंडरं विकत राज्यभर हिंडले. डीन स्मिथ यांच्या टीव्ही कार्यक्रमाच्या टेप दर रविवारी गाडीत टाकून दूरच्या केंद्रांवर पोचवत. शेकडो मैलांची ती फेरी संपवून सोमवारी परत सरावाला हजर. याच माणसाने पुढे विद्यापीठाला तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली, पण 1978 मध्ये ते कुणाला ठाऊक होतं?

आता हा असिस्टंट नेमकं करतो काय? बाहेरून बघणाऱ्याला तो सामन्यात खुर्चीच्या कडेला बसलेला, हातात गुंडाळलेला कागद घेतलेला आणि अधूनमधून ओरडणारा माणूस दिसतो. तो कागद उलगडून पाहण्यासारखा असतो.

हंगाम सुरू होण्याआधीच प्रतिस्पर्धी वाटून दिले जातात. हा सामना तुझा, तो त्याचा. समजा शनिवारचा सामना एका असिस्टंटच्या वाट्याला आला. आधीच्या आठवड्यापासून तो त्या संघाचे पाच-सहा सामने पाहत असतो. एकदा नुसते बघायचे, मग थांबवत, मागे नेत, प्रत्येक चढाईचे तुकडे पाडत. त्यांचा पॉइंट गार्ड मूठ वर करतो तेव्हा सेंटर वर येऊन आडोसा देतो. डोक्यावर हात ठेवतो तेव्हा कोपऱ्यातला शूटर मागच्या बाजूने पळतो. बाकावरून त्यांचा कोच ओरडतो त्या शब्दांचा अर्थ काय, हेही टिपायचं. मग प्रत्येक खेळाडूमागे दोन-तीन ओळी: हा डावीकडे गेला की शेवटपर्यंत जातो, उजवीकडे गेला की थांबून शॉट घेतो. याला लांबून मारू द्या. याच्या हाताखालून हात काढू नका.

हे सगळं वीस वर्षांच्या पोरांना सांगायचं, तेही पंधरा-वीस मिनिटांत, कारण त्यापुढे त्यांचं लक्ष उडतं. चांगला असिस्टंट कुठला ते इथे कळतं. ज्याच्याकडे चाळीस गोष्टी आहेत आणि तो चाळीसही सांगतो, तो कच्चा. चाळीसमधल्या पस्तीस गिळून पाच सांगणारा तयार. त्यानंतर राखीव खेळाडूंना दुसऱ्या संघाच्या चाली शिकवून मुख्य संघासमोर उभं करायचं. दोन दिवस ती मुलं स्वतःचा खेळ विसरून शत्रूचा खेळ खेळतात. त्यांचं नाव तर बारीक टाइपातही येत नाही.

सामन्यात मूठ वर गेली रे गेली, की असिस्टंट त्या चालीचं नाव घेऊन ओरडतो आणि बचाव अर्धा सेकंद आधी सरकतो. प्रेक्षकांना वाटतं, काय चपळ पोरं आहेत! उलटही घडतं. कागदावर ज्याच्यापुढे ‘लांबून मारू द्या’ लिहिलेलं असतं, तोच पठ्ठ्या एका रात्री चार थ्री-पॉइंटर मारतो. तेव्हा हेड कोच काही बोलत नाही, नुसता वळून बघतो. हा कटाक्ष अनुभवला नाही असा असिस्टंट शोधून सापडायचा नाही.

एवढं करून, टाइमआउटमध्ये काय सांगायचं ते ठरवतो हेड कोच. असिस्टंट आधी चार पावलं बाजूला त्याच्याशी बोलतात, सुचवतात. सुचवलेलं मानलं आणि जमलं, तर यश हेड कोचचं. मानलं आणि फसलं, तर सुचवणाऱ्याच्या लक्षात राहतं. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. राहुल द्रविड यांच्या काळात भारतीय क्रिकेट संघाचे गोलंदाजी प्रशिक्षक मुंबईचे पारस म्हांब्रे होते. 2024 चा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकल्यावर द्रविड यांनी चषक उंचावून केलेला जल्लोष सगळ्यांनी पाहिला. म्हांब्रे फोटोत कुठे आहेत, हे आपल्यापैकी किती जणांनी शोधलं? मीही नाही शोधलं.

पण असिस्टंटला नोकरी मिळते किंवा जाते ती या कागदामुळे कमी, आणि मुलं आणण्यामुळे जास्त. त्याला रिक्रूटिंग म्हणतात. उन्हाळ्यात, विशेषतः जुलैत, शालेय वयाच्या खेळाडूंच्या मोठमोठ्या स्पर्धा भरतात. एका छपराखाली आठ-दहा कोर्ट, सकाळी आठपासून रात्रीपर्यंत सामने. कडेच्या घडीच्या खुर्च्यांवर विद्यापीठाचं बोधचिन्ह छातीवर असलेले शर्ट घालून कोच बसलेले. नियमानुसार त्या काळात त्यांनी मुलाशी किंवा त्याच्या आईवडिलांशी बोलायचं नसतं, नुसतं बघायचं. बघण्यापेक्षाही दिसायचं. मुलगा फ्री-थ्रोला उभा राहिला की त्याला आपला शर्ट दिसला पाहिजे, एवढ्यासाठी माणसं विमानं बदलत येतात. नुसतं बसून राहण्याचे पैसे मिळणारी ही बहुधा जगातली सर्वात दमवणारी नोकरी असावी.

उरलेले महिने फोन. पूर्वी फोन आणि संदेशांवर मोजून बंधनं होती. जून 2012 मध्ये पुरुषांच्या बास्केटबॉलपुरती ती उठली आणि असिस्टंटचा फोन रात्री बंद व्हायचा तेही थांबलं. मुलाशी बोलायचं, आईशी, शाळेच्या कोचशी, आणि घरात खरा निर्णय कोण घेतं ते ओळखून त्या व्यक्तीशी. पुष्कळदा ती आजी असते.

या कलेतला अलीकडचा वाकबगार माणूस टॉमी लॉइड. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरातलं गॉन्झागा हे लहानसं कॅथलिक विद्यापीठ. देशातली नावाजलेली मुलं तिथे कशाला जातील? लॉइड तरुणपणी ऑस्ट्रेलियात आणि जर्मनीत व्यावसायिक बास्केटबॉल खेळले होते. जग त्यांनी पाहिलेलं होतं. मग त्यांनी स्पेनमधून डोमांतास साबोनिस आणला, पोलंडमधून प्शेमेक कार्नोव्स्की, जपानमधून रुई हाचिमुरा. हाचिमुरा 2016 मध्ये आला तेव्हा त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं. तीन वर्षांनी तो एनबीए या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत नवव्या क्रमांकावर गेला. लॉइड वीस वर्षं हेड कोच मार्क फ्यू यांच्या शेजारी बसले. फ्यूंनंतर ती जागा त्यांचीच, असं ठरलेलंही होतं. 2021 मध्ये गॉन्झागा सलग 31 सामने जिंकून अंतिम फेरीत बेलर विद्यापीठाकडून हरली आणि त्याच एप्रिलमध्ये लॉइड अॅरिझोनाचे हेड कोच झाले. फ्यू तर अजून निवृत्त व्हायला तयार नव्हते! पहिल्याच हंगामात लॉइड यांचा हिशेब 33 विजय, 4 पराभव.

आता पैशाची गोष्ट, कारण ती कोर्टात गेली. 1991 मध्ये महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था एनसीएए हिने खर्च आवरायला एक नवीन पद काढलं. बास्केटबॉलच्या एका असिस्टंटला शैक्षणिक वर्षात जास्तीत जास्त 12,000 डॉलर आणि उन्हाळ्यात 4,000, त्याहून छदामही नाही. नव्या तरुणांना संधी मिळावी, असं कारण पुढे केलं गेलं. प्रत्यक्षात आधी साठ-सत्तर हजार डॉलर मिळवणारे अनुभवी लोकही या चौकटीत कोंबले गेले. काही कोच एकत्र आले आणि कॅन्ससच्या संघीय न्यायालयात गेले. खटला ओळखला जातो तो नॉर्मन लॉ या कोचच्या नावाने. म्हणजे ‘लॉ विरुद्ध एनसीएए’, कायद्याच्या पुस्तकात शोभेल असंच नाव.

कोचांचं म्हणणं साधं होतं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या शेकडो संस्थांनी एकत्र बसून एका वर्गाचा पगार ठरवून टाकणं हा व्यापारी कट आहे. 1995 मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं, 1998 मध्ये अपिलातही ते टिकलं. ज्युरीने ठरवलेली भरपाई कायद्याप्रमाणे तिप्पट होऊन 6 कोटी 60 लाख डॉलरच्या वर गेली आणि 1999 मध्ये 5 कोटी 45 लाखांवर तडजोड झाली. मला या खटल्यातली गंमत अशी वाटते की, हेड कोचच्या पगाराला कुणी हात लावला नाही. काटकसर नेहमी दुसऱ्या खुर्चीपासून सुरू होते.

आज मोठ्या विद्यापीठांत असिस्टंटला काही लाख डॉलर मिळतात, पण करार छोटे आणि हेड कोचच्या नशिबाला बांधलेले. शिवाय या खुर्चीला एक धोका चिकटलेला आहे. सप्टेंबर 2017 मध्ये एफबीआयने लाचखोरीच्या प्रकरणात अनेकांना अटक केली, त्यात अॅरिझोना, ऑबर्न, ओक्लाहोमा स्टेट आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांचे चार असिस्टंट होते. आपल्या खेळाडूंना ठरावीक एजंटांकडे आणि सल्लागारांकडे वळवण्यासाठी त्यांनी पैसे घेतले होते. पुढे चौघांनीही गुन्हा कबूल केला. मात्र पैसे असिस्टंटलाच का देऊ केले गेले? कारण मुलाचा विश्वास त्याच्यावर असतो. रात्री अकराला फोन करणारा तोच. दलालांना हेड कोचची गरजच नव्हती.

2021 पासून खेळाडूंना आपल्या नावावर कायदेशीरपणे कमावता येऊ लागलं. त्याआधी, 2018 मध्ये, विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्यांची नोंद ठेवणारी ट्रान्सफर पोर्टल नावाची व्यवस्था आली होती. तेव्हापासून असिस्टंटला नवी मुलं आणायची असतातच, शिवाय घरातली मुलं टिकवायचीही असतात. मार्चमध्ये हंगाम संपला की तो आपल्याच खेळाडूच्या खोलीचं दार वाजवतो, तेही आर्जवाने.

मग माणूस या खुर्चीवर तीस वर्षं बसतो कशाला? गथ्रिज यांच्याकडे परत जाऊ. 1937 साली कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी जन्म. कॅन्सस स्टेट विद्यापीठात टेक्स विंटर यांच्याकडे ते खेळले आणि नंतर त्यांचेच असिस्टंट झाले. (विंटर पुढे शिकागो बुल्समध्ये फिल जॅक्सन यांचे असिस्टंट झाले आणि त्यांची त्रिकोणी आक्रमणपद्धत मायकेल जॉर्डनच्या संघाने जगभर गाजवली. दुसऱ्या खुर्चीचं तेही एक मोठं उदाहरण.) 1967 मध्ये गथ्रिज चॅपल हिलला आले. वक्तशीर, कडक, अबोल. शूटिंगमधल्या बारीक चुका काढण्यात आणि उंच खेळाडू घडवण्यात हातखंडा. 1976 च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये स्मिथ यांच्या सुवर्णपदक विजेत्या संघाचेही ते सहाय्यक होते.

बोलावणी येत राहिली. 1978 मध्ये पेन स्टेटचं हेड कोचपद त्यांनी स्वीकारल्यातच जमा होतं, पण ऐनवेळी मन बदललं आणि ते राहिले. याला महत्त्वाकांक्षेचा अभाव म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. एखाद्याला शिकवणं आवडतं आणि पत्रकार परिषदा आवडत नाहीत, हे कारण पुरेसं नाही का?

9 ऑक्टोबर 1997 रोजी 879 विजयांनंतर स्मिथ यांनी निवृत्ती जाहीर केली. मुहूर्त बघा: सराव सुरू व्हायला जेमतेम काही दिवस. इतक्या उशिरा विद्यापीठ बाहेरून कुणाला आणणार? खुर्ची गथ्रिज यांच्याकडेच जावी म्हणून स्मिथ यांनी ही वेळ साधली, असं जाणकार तेव्हापासून मानत आले आहेत.

साठीचा हा नवशिका हेड कोच पहिल्या हंगामात 34 सामने जिंकला आणि चारच हरला. त्याच्याकडे अँटॉन जेमिसन आणि व्हिन्स कार्टरसह सुरुवातीला उतरवण्याजोगे सहा खेळाडू होते आणि उतरतात पाच. कुणाला नाराज करायचं? गथ्रिज यांनी पाळी लावली: दर सामन्यात सहापैकी एक जण बाकावरून सुरुवात करणार. जेमिसन असो की कार्टर, पाळी आली की बसायचं. बाकावर तीस वर्षं काढलेल्या माणसालाच हे सुचावं.

दुसऱ्या वर्षी मात्र संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत वेबर स्टेटसारख्या लहान विद्यापीठाकडून 76-74 असा हरला. तिसऱ्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेआधीच 13 पराभव झाले. तीस वर्षं ज्याला कुणी दोष दिला नव्हता, त्याला आता रेडिओवर रोज शिव्या. आणि त्याच 2000 सालच्या मार्चमध्ये तो संघ अनपेक्षितपणे उपांत्य फेरीत पोचला. तीन वर्षांत दोन वेळा उपांत्य फेरी, 80 विजय आणि 28 पराभव. 30 जून 2000 रोजी गथ्रिज निवृत्त झाले.

महिलांच्या बास्केटबॉलमध्ये, टेनेसी विद्यापीठात, होली वॉर्लिक यांच्या वाट्याला याहून कठीण गोष्ट आली. हेड कोच पॅट समिट यांच्या संघात त्या खेळल्या, पुढे सत्तावीस वर्षं त्यांच्या असिस्टंट राहिल्या. ऑगस्ट 2011 मध्ये समिट यांनी आपल्याला स्मृतिभ्रंश जडल्याचं जाहीर केल्यावर पुढचा हंगाम बराचसा वॉर्लिक यांनीच ओढला. एप्रिल 2012 मध्ये त्या हेड कोच झाल्या आणि 2019 मध्ये त्यांना काढून टाकण्यात आलं. याउलट कनेक्टिकट विद्यापीठाच्या महिला संघात क्रिस डेली 1985 पासून हेड कोच जिनो ऑरिएमा यांच्या शेजारी आहेत. तिथे बारा राष्ट्रीय विजेतेपदं आली, तरी डेली यांनी खुर्ची बदललेली नाही.

चॅपल हिलला गथ्रिज यांच्यामागे फिल फोर्ड, डेव्ह हॅनर्स आणि पॅट सलिव्हन हे तीन असिस्टंट होते, तिघेही त्याच विद्यापीठाचे जुने खेळाडू. फोर्ड तर 1988 पासून, विल्यम्स कॅन्ससला गेल्यावर रिकाम्या झालेल्या खुर्चीवर. 2000 च्या उन्हाळ्यात हेड कोच म्हणून मॅट डोहर्टी आले. तेही घरचेच, जॉर्डनबरोबर खेळलेले आणि कॅन्ससमध्ये सात वर्षं विल्यम्स यांचे असिस्टंट राहिलेले. येताना त्यांनी नोत्र दामहून आपली माणसं आणली. फोर्ड, हॅनर्स आणि सलिव्हन यांना जागा उरली नाही. जुन्या खेळाडूंना ते फार लागलं. दुसऱ्याच हंगामात संघाने 8 विजय आणि 20 पराभव असा तळ गाठला आणि 2003 मध्ये डोहर्टी गेले. रॉय विल्यम्स कॅन्ससहून परतले, त्यांच्यासोबत जो हॉलडे, स्टीव्ह रॉबिन्सन आणि कॅन्ससमधली बाकीची मंडळी. डोहर्टी यांच्या असिस्टंटांनी कपाटं रिकामी केली.